शिराझ उघडू का नको, कळव

कोल्हापूर,
२२ डिसेंबर

प्रिय दिन्या,

पत्र बघून दचकू नकोस, इकडं सगळं ठीक आहे. माझं बीपी गोळीवर आहे, संध्याची मान दुखते, बस्स. फोन करायचं चार वेळा ठरवलं. पण तू 'बोल की' म्हणालास की मी ऊस, पाऊस, पोरं यावर बोलून फोन ठेवून देणार, हे मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

पूर्वाचे सासू-सासरे नाताळच्या सुटीत पुण्याहून येताहेत. ३१ तारखेला जेवण आमच्याकडं. विहीणबाई जेवताना ग्लासभर वाईन घेतात. पूर्वा म्हणाली, "बाबा, वाईन तुम्हीच निवडा, तुम्हाला त्यातलं कळतं." दिन्या, पोरीला तेव्हाचं एवढंच आठवतंय, की बाबा आणि दिनूकाका द्राक्षबागेत उभं राहून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मण्यातली साखर मोजायची ती नळी, उन्हाकडं धरायचे आणि तिलाही त्यातून बघू द्यायचे.

गेलो शाहूपुरीत. आपल्या लहानपणी वाईन म्हणजे कुणी गोव्याहून आणलेली गोड पोर्ट. आता नाशिकच्या चार-पाच तऱ्हा होत्या आणि अकलूजची फ्रातेल्लीसुद्धा. काउंटरवरच्या पोरानं नीट वेळ काढून सांगितलं. लाल पूर्वीइतकी जात नाही. पांढरी आणि गुलाबी जाते, ३१ च्या आठवड्यात फसफसणारी. तरुण पोरं डब्यातली नेतात, कारण दोघांत अख्खी बाटली संपत नाही. बायका स्वतः येतात, नाव विचारून, लेबल वाचून घेतात. जगातही तसंच चाललंय म्हणे. पिणंच कमी झालंय. २०२४ मधला जगाचा खप १९६१ नंतरचा सर्वांत कमी होता, आणि उत्पादनात पांढरी लालच्या पुढं गेलीय. ऐकताना माझ्या पोटात कालवलं. २००६ साली आपल्याला काय सांगितलं होतं? लाल वाईनची द्राक्षं लावा, लालला मरण नाही.

तीन प्रकार आणले. शेनिन ब्लाँ ही पांढरी, शिराझ ही लाल आणि एक ब्रूट, म्हणजे फसफसणारी, गोडी जवळजवळ नसलेली. मार्गशीर्ष संपला होता, काल रविवारी संध्याला तांबडा, पांढरा, सुकं सगळं करायला लावलं आणि दोघं चव बघत बसलो. तू असतास तर ताट पुसून खाल्लं असतंस आणि वर मीठ कमी आहे म्हणाला असतास.

तांबड्या रश्श्यावर शिराझचा घोट घेतला आणि तोंडात जाळ झाला. लाल वाईनचा तुरटपणा आणि तिच्यातला तेरा-चौदा टक्के अल्कोहोल, दोन्ही तिखटाला चढवतात. लसूण गेला, मसाला गेला, जिभेवर कडवटपणा तेवढा राहिला. तिथं शेनिन घेतली, फ्रीजमधून चांगली गार करून. किंचित गोडसर, आंबटपणा जिवंत. रश्श्यात लिंबू पिळल्यावर जसं तोंड मोकळं होतं, तसं झालं. पांढऱ्या रश्श्याला ब्रूट. नारळाचं दूध, काजू, खसखस यांचा जो थर जिभेवर बसतो, तो बुडबुड्यांनी धुऊन निघतो. संध्यानं तिची वाटी दोनदा भरली. विहीणबाईंचा प्रश्न तिथंच सुटला. शेनिनच्या दोन बाटल्या, ब्रूटची एक. एका बाटलीत पाच ग्लास, पुरेल.

मग सुकं घेतलं. संध्यानं मिरची हात राखून घातली होती. शिराझ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली होती, आपल्या दुपारच्या उकाड्यात ती तशीच ओतली तर नुसती दारूसारखी लागते. मटणाच्या चरबीनं सगळा तुरटपणा गिळला. मसाल्यातली काळी मिरी आणि वाईनच्या वासातली काळी मिरी एकमेकींना भेटल्या. इतकं चांगलं लागलं की मी ग्लास खाली ठेवला. तोच रंग, दिन्या. मणी चिमटीत फोडला की बोटांना लागायचा तो. दोन-दोन दिवस साबणानं जायचा नाही.

खासबागेतल्या कुस्तीचं तिकीट कुणी हरवलं यावर आपण तीस वर्षं भांडतोय (तूच हरवलंस), पण या गोष्टीवर एकदाही बोललो नाही.

मार्च २०१०. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २४ वर गेलेलं. तुझ्या आण्णांनी तोडणीच्या बायांना पहाटे चारला बोलावलं होतं, बॅटऱ्या घेऊन. उजाडेपर्यंत बांधावर क्रेट रचून झाले. वायनरीची गाडी आली नाही. दहा वाजता माश्या बसायला लागल्या. आण्णा गोणपाट भिजवून क्रेटवर टाकत होते आणि दर वेळी रस्त्याकडं बघत होते.

दिन्या, मला दोन दिवस आधी वायनरीतून फोन आला होता. टाक्या भरल्यात, गेल्या वर्षीचा माल पडून आहे, बघतो म्हणाले. 'बघतो'चा अर्थ मला कळला होता. मी तुला सांगितलं नाही. वायनरीशी करार तू माझ्या शब्दावर केला होतास. आण्णांची थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, चांगली बाग मोडून वाईनची लावायला मीच लावलं होतं. वाटलं, येईल गाडी, आली तर सांगायची वेळच येणार नाही. घड वेलीवर राहिले असते तर निदान आठवडाभर दुसरं गिऱ्हाईक शोधता आलं असतं. तोडल्यावर काय? बारीक मणी, जाड साल, आत बिया. बाजारात कोण विचारणार, आणि बेदाणाही होत नाही.

२००८ ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, हे सगळं खरं. नाशिकपासून पलूसपर्यंत कितीतरी बागा तेव्हा निघाल्या. ते काही माझ्या हातात नव्हतं. तो फोन माझ्या हातात होता. आणि पुढं मे महिन्यात तू मला न विचारता बाग काढलीस, तेव्हा तुझ्याच अंगणात, आण्णांसमोर, मी तुला घाबरट म्हणालो. तू काही बोलला नाहीस. आण्णा गेले तेव्हाही मी हे सांगायला आलो होतो, आणि चहा पिऊन परत आलो.

तुझं गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे ना? पुढं ढकलू नकोस. राहुलच्या कर्जाचं काय झालं? बेदाण्याला दर बरा लागला म्हणे, ऐकून फार बरं वाटलं. वहिनींना नमस्कार.

शिराझची दुसरी बाटली कपाटात आहे. ३१ ला सुक्याबरोबर तीच लागणार, हे जिभेला कळलंय. पण तुला हे सांगितल्याशिवाय ती पाहुण्यांपुढं ठेवायला माझा हात होईना. दुपारी एकला जेवण आहे, वहिनींना घेऊन ये. यायचं नसेल तर तसं सांग, मी शेनिनवर भागवतो. पण उघडू का नको, ते २९ पर्यंत तू स्वतः फोन करून सांग.

तुझा,
संज्या