ग्रे कार्ड पाठवतोय

चि. कोमल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला तो तू भर उन्हात जातेस त्यावरून, तुझ्या कामावरून नाही. आज तो विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

केळीच्या कापणीचे तुझे ३१० फोटो दोनदा पाहिले. बागेतले चेहरे हिरवट आलेत. केळीच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवाच असतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं काय हे कॅमेऱ्याने आपलं आपण ठरवणं, तिथे फसतो. आत शिरलीस की ग्रे कार्ड, ते करड्या रंगाचं, माणसाच्या चेहऱ्याजवळ धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घे, बांधावर आलीस की पुन्हा घे. रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढलंय, नंतर सुधारू म्हणशील. पण चेहऱ्यावरचा हिरवा काढायला गेलीस की पानांचाही उतरतो, बाग सुकल्यासारखी दिसते. घड कापतानाचे हात १/१२५ सेकंदाच्या शटरला हललेत. १/५०० ठेव, आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० गेली तरी जाऊ दे. आकाश जळलंय, कारण उन्हात कॅमेऱ्यामागचा पडदा अंधारा दिसतो आणि आपण उजेड वाढवत बसतो. पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नकोस, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघ.

ट्रक भरतानाचा फोटो दुपारीच काढायचा म्हणतेस. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. हमालांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतील, नुसतं नाक चमकेल. आणि गेल्या खेपेला बांधावर तुला चक्कर आली, हे आत्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी घरातल्या टेबलावर देखावे रचून फोटो काढले, तू मात्र... राहू दे. काढलाच मी विषय. तुझं काम वेगळं आहे, कळतं मला.

आदल्या संध्याकाळी कॅमेरा न घेता बागेत जाऊन ये. कापणी किती वाजता, ट्रक कुठल्या तोंडाने लागणार, हे मुकादमाला विचार. मजुरांची परवानगी तेव्हाच घे. पावणेसहाला सूर्य उगवतो, साडेआठपर्यंतचा उजेड तुझा. पहिला ट्रक तेवढ्यात भरत असेल तर दुपारची गरजच नाही. हे एवढं विचारशील ना?

कॅमेऱ्यात काही पुसू नकोस. रात्री दोन ठिकाणी कॉपी कर, मग एक दिवस बघूच नकोस. नंतर ४० निवड, ४ बाय ६ चे प्रिंट काढून आत्याच्या ओसरीत मांड. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक उचल. बारा उरले पाहिजेत. प्रत्येकामागे पेन्सिलीने लिही, का ठेवला.

चिकाने काळ्या पडलेल्या तळव्याचा फोटो मात्र बारांत हवाच. मागचा निळा क्रेट खटकतो, तरीही. चौथीत असताना पासपोर्टच्या गिऱ्हाइकाला 'काका, हनुवटी खाली' म्हणायचीस, ते आठवलं. फार शिकवत बसलो, रागावू नकोस.

रिंकूच्या हाती ग्रे कार्ड आणि पांढरा रुमाल पाठवतोय. रुमाल डोक्याला बांधायला आहे, लेन्स पुसायला नाही. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आईने कांदा ठेवलाय, तो काढू नकोस.

तुझे पप्पा