ट्रेलरची रांग रस्त्यावर नव्हे, गोदामाच्या डॉकवर तयार होते

महोदय,

उरण-पनवेल पट्ट्यातल्या कंटेनर ट्रेलरच्या रांगांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. मग दोन-चार दिवस दंडाच्या पावत्या फाडल्या जातात आणि पुढच्या आठवड्यात रांग पुन्हा तिथेच. सगळा दोष चालकांवर टाकला जातो, तो अन्याय आहे. ही रांग नेमकी कशी तयार होते ते वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

न्हावा-शेवा बंदराला लागून, सोनारी, सावरखार, जसखार, करळ या गावांच्या शेजारी बंदराचे २७७ हेक्टरचे विशेष आर्थिक क्षेत्र (एसईझेड) आहे. १६ ऑगस्ट २०१४ रोजी त्याची पायाभरणी झाली. २००५च्या एसईझेड कायद्यानुसार असा भाग सीमाशुल्काच्या हद्दीबाहेरचा मानतात. आत येणाऱ्या मालावर शुल्क नाही, पण तोच माल देशी बाजारात विकायला बाहेर काढला की आयातीसारखे शुल्क भरावे लागते. म्हणून कुंपण किमान २ मीटर ४० सेंटिमीटर उंच हवे आणि त्यात वरचे ६० सेंटिमीटर काटेरी तार हवी, इतके बारकाईने नियमात लिहिले आहे. गेटवर प्रत्येक इन्व्हॉइस तपासून नोंद होते. बाहेर जॉबवर्कला, म्हणजे प्रक्रियेसाठी, दिलेला माल १२० दिवसांत परत आणावा लागतो. युनिटने, म्हणजे क्षेत्रातल्या उद्योगाने किंवा गोदामाने, ५ वर्षांत एकूण जितके परकीय चलन खर्च केले त्याहून जास्त कमावले पाहिजे आणि दरवर्षी त्याचा हिशेब क्षेत्राचे प्रमुख अधिकारी असलेल्या विकास आयुक्तांकडे गेला पाहिजे. ही शिस्त योग्यच आहे. माझे म्हणणे इतकेच की याच गेटवर, याच काटेकोरपणे, ट्रेलरच्या थांबण्याचीही नोंद झाली पाहिजे.

निर्यातीचा एक कंटेनर कसा हलतो ते पाहा. शिपिंग लाइनचे बुकिंग मिळाले की ट्रान्सपोर्टर एम्प्टी यार्डातून रिकामा डबा उचलतो. तिथे माणूस आत शिरतो, दारे लावून घेतो आणि कुठून उजेड दिसतो का ते बघतो. उजेड दिसला म्हणजे छताला भोक आहे, पावसात माल भिजणार. तळाच्या प्लायवर तेल किंवा रसायनाचा वास असेल तर अन्नपदार्थांसाठी डबा नाकारतात. मग ट्रेलर युनिटवर येतो, डॉकला, म्हणजे माल चढवायच्या फलाटाला, लागतो, माल भरतात, शिपिंग लाइनचे बाटली सील, म्हणजे तोडल्याशिवाय न निघणारा कुलपासारखा खिळा, ठोकतात. वजनाचा दाखला लागतो. १ जुलै २०१६ पासून त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. शिपिंग बिलावर, म्हणजे सीमाशुल्काकडे भरलेल्या निर्यातीच्या कागदावर, निर्यातीची परवानगी, म्हणजे एलईओ, मिळाली आणि बंदरात शिरण्याचा परवाना, म्हणजे फॉर्म थर्टीन, निघाला की ट्रेलर बंदराच्या गेटकडे निघतो. प्रत्येक जहाजासाठी गेट कधी उघडणार आणि कट-ऑफ, म्हणजे माल घेण्याची शेवटची वेळ, किती वाजता, हे ठरलेले असते.

आता गणित मांडू. समजा एका गोदामातून दिवसाला २० कंटेनर निघतात. खोक्यांचा माल हाताने रचायचा तर एका डब्याला ४ तास धरा. म्हणजे ८० तासांचे काम. डॉक आहेत ४ आणि काम चालते १० तास, म्हणजे हाताशी ४० तास. संध्याकाळपर्यंत १० कंटेनर भरतात, उरलेले १० ट्रेलर गेटबाहेर उभे. ४० फुटी डब्याचा ट्रेलर घोड्यासकट, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीसकट, साधारण १६ मीटर लांब असतो. मधले अंतर धरून १८ मीटर. एकाच गोदामाची ही रांग १८० मीटर झाली. अशी चार-पाच गोदामे एका रस्त्यावर असली की सर्व्हिस रोड संपतो आणि रांग मुख्य रस्त्यावर येते.

गोदाम बांधताना बहुतेक जण जागेचा प्रत्येक फूट छपराखाली आणतात, कारण भाडे छपराचे मिळते, मोकळ्या यार्डाचे नाही. ट्रेलर उभा करायची जागा सरकारी रस्त्याने द्यावी असे गृहीत धरलेले असते. त्यात चालकाचा पगार बहुधा फेरीवर असतो आणि डॉक मिळतो तो आधी येईल त्याला, म्हणून सकाळी ११ची वेळ असली तरी तो पहाटेच येऊन नंबर लावतो. ताटकळण्याचा खर्च चालक आणि ट्रान्सपोर्टर सोसतात. ज्याच्या डॉकमुळे उशीर झाला त्याला झळ बसत नाही, म्हणून तो डॉक वाढवत नाही. बंदराचा पार्किंग प्लाझा आहे, पण तो भरलेल्या निर्यात कंटेनरसाठी. भरायला आलेला रिकामा डबा तिथे जाऊन काय करणार?

महिनाअखेरीला तर सगळ्यांनाच माल काढायचा असतो. त्यात जहाज लांबले आणि कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला, म्हणजे रोल झाला, की भरलेला ट्रेलरही अडकतो. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. तेव्हा रीफर, म्हणजे थंड ठेवायचे, कंटेनर शून्य अंशाच्या आसपास राखायला ट्रेलरवरचा डिझेल जनरेटर रात्रभर चालू ठेवावा लागतो. रस्त्याला लागून ज्यांची घरे आहेत त्यांच्या खिडकीखाली तो घरघरत असतो.

रात्री उभा असलेला ट्रेलर मागून पाहा. चौकट दुचाकीस्वाराच्या छातीच्या उंचीवर असते. गाडी खाली घुसू नये म्हणून मागे जो आडवा दांडा हवा, तो कित्येकदा वाकलेला असतो किंवा काढून टाकलेला असतो. लाल पट्टीवर धुळीचा थर बसलेला, बॅटरी उतरू नये म्हणून दिवे बंद. पाळी संपवून स्कूटरवरून घरी निघालेल्या कामगाराला तो दहा-पंधरा मीटरवर आल्यावर दिसतो. चालकांसाठी त्या रस्त्यावर ना संडास, ना पाणी. केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून जेवण करणाऱ्या माणसाला आपण अतिक्रमण म्हणतो, हे मला मान्य नाही.

भरावाबद्दलही थोडे लिहितो. ही जमीन भरती-ओहोटीची, मिठागरांची आणि भातशेतीची. प्रकल्पांचा भराव गावठाणापेक्षा उंच गेला की पावसाचे पाणी गावाकडे वळते. सिडकोच्या रचनेत पावसाचे पाणी साठवून धरणारे धारण तलाव आहेत आणि त्यांच्या तोंडाशी झडपा. भरतीला झडप बंद व्हावी, ओहोटीला उघडावी. बिजागरी गंजली किंवा उंबऱ्याशी गाळ साचला की झडप अर्धवट उघडी राहते आणि खाडीचे पाणी उलटे आत येते. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की गावात पाणी भरते. दर एप्रिलमध्ये प्रत्येक झडप हाताने उघडून-मिटून पाहणे आणि नाल्याच्या तळाची पातळी मोजणे, हे काही खर्चिक काम नाही.

युनिटच्या मंजुरीचा निर्णय मंजुरी समिती घेते. विकास आयुक्त तिचे अध्यक्ष आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांबरोबर राज्य सरकारचे दोन अधिकारी तिचे सदस्य असतात. ग्रामपंचायतीला तिथे जागा नाही. म्हणजे गावांच्या बाजूने बोलू शकतील असे हे दोघेच. त्यांनी प्रत्येक नव्या गोदामाच्या प्रस्तावात विचारावे: डॉक किती, एका डब्याला किती तास, आणि डॉकवर नसलेले ट्रेलर आवाराच्या आत उभे राहतील का? नसतील तर मंजुरीची अट म्हणून यार्ड मागावे. जुन्या युनिटांना वेळेचे स्लॉट बंधनकारक करावेत आणि स्लॉटच्या दोन तास आधी आलेल्या ट्रेलरला आवारात घ्यायची जबाबदारी युनिटवर टाकावी. गेटवर वाहनाची नोंद होतेच. ट्रेलर बाहेर किती वाजता पोहोचला, आत किती वाजता गेला आणि भरून किती वाजता निघाला, या तीन वेळा त्याच नोंदीत घेऊन दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. यात कोणाचे व्यापारी गुपित फुटत नाही.

जानेवारी १९८४ मध्ये याच उरण तालुक्यातल्या पाच जणांनी जमिनीसाठी प्राण दिले, त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच मुलांना आज घरासमोरचा रस्ता ओलांडता येत नाही.

आपल्या प्रतिनिधीने महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी सहा ते नऊ करळ फाट्याजवळ उभे राहून रिकामे किती, भरलेले किती आणि एक ट्रेलर सरासरी किती वेळ उभा, हे मोजून छापावे, ही विनंती.

— एक वाचक, द्रोणागिरी, नवी मुंबई