गाडी मागून बसते म्हणून लगेच रबर ठोकू नका

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात खड्ड्यांवर अर्धं पान आलं होतं, दुचाकीवाल्यांची कंबर, मणके, डॉक्टरचं म्हणणं, फोटो, सगळं. बातमी बरोबरच आहे, रस्ते तसेच आहेत, पण वाचताना मला सारखं वाटत होतं की अर्धी गोष्ट राहिली. खड्डा रस्त्यात असतो पण तो आपल्या पाठीपर्यंत येतो तो गाडीच्या शॉकअपमधून, अन् त्या शॉकअपकडं आपल्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. मी पण सहा वर्षं बघितलं नाही म्हणून लिहितोय. पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण मधलं कापू नका, कामाचं मधेच आहे.

मी भूम तालुक्यातला. चार म्हशी, शिवाय शेजारच्या दोन घरांचं दूध घेतो अन् रोज सकाळी खव्याच्या भट्टीवर नेऊन घालतो. आमच्या भागात खवाभट्ट्या किती आहेत ते सांगायची गरज नाही, कुंथलगिरीचा पेढा खाल्लेल्याला माहितीच असतंय. तर गाडीला दोन्ही बाजूला लोखंडी आकडे, त्याला ४० लिटरचा एकेक कॅन, अन् मधे मी. गाडी साधीच, मागं दोन शॉकअपवाली, शंभर सीसीची.

दोनेक वर्षांपासून गाडी मागून बसायला लागली. म्हणजे कॅन अडकवले की मागचं मडगार्ड टायरला टेकायला यायचं, स्पीडब्रेकरवर धाडकन आवाज, अन् उतरणीला वळणावर गाडी झुलायची, एकदा झुलली की दोन-तीन हेलकावे घेऊनच सरळ व्हायची. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला देवीला गेलो तर मंडळी मागं बसून म्हणली, तुमच्या गाडीवर बसलं की जत्रंतल्या पाळण्यात बसल्यावाणी वाटतंय, तिकीट तेवढं काढायचं राहिलं. हसण्यावारी नेलं तेव्हा. पण रात्री येताना समोरचा प्रत्येक जण डिपर मारतोय, शिव्या देतोय, अन् मला कळंना कामून. नंतर डोक्यात प्रकाश पडला, गाडी मागून बसल्यावर तोंड वर करते, मग हेडलाईट रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यात. ऊसाच्या बैलगाड्या चालू असत्या रस्त्याला तर काय झालं असतं देव जाणे.

वर्कशॉपला दाखवलं. नाव लिहीत नाही, त्यात काय अर्थ नाही, कुठंही हेच होतं. तिथला पोरगा सीटवर एकदा बुड टेकवून म्हणला, काका शॉकअप गेले, मऊ पडले, दोन्ही बदला. म्हणलं बघतो. दुसऱ्या एकानं सांगितलं बदलायची काय गरज, स्प्रिंगच्या वेढ्यात रबर ठोकून देतो, दोनशे रुपयात काम. ते मी करून घेतलं. तीन आठवडे गाडी दगडासारखी झाली, दूध पार घुसळून निघायचं अन् मग एका बाजूचं रबर गळून पडलं कुठंतरी, आता एक शॉकअप कडक अन् एक मऊ, वळणावर गाडी तिसरीकडंच जायची. हे रबराचं खूळ आपल्याकडं लई आहे, गावोगाव बघा. स्प्रिंगचे जे वेढे रबरानं धरले ते कामच करत नाहीत, मग उरलेल्या चार वेढ्यांवर सगळा भार, अन् शॉकअप पूर्ण दाबला जायच्या आधीच अडतो. काही जण तर स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरनं कापून टाकतात. कापल्यावर स्प्रिंग कडक होते हे खरं, पण आखूड पण होते ना, म्हणजे गाडी आधीच बसकी ती अजून बसकी.

शेवटी बाजारात एक म्हातारे मिस्त्री आहेत, पत्र्याच्या शेडात बसतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मलाच विचारलं, मऊ म्हणजे काय होतंय नक्की? बसते, आपटते का डोलते? मी म्हणलं तिन्ही. तर म्हणले तिन्हीची औषधं वेगळी असतात. हे ऐकूनच मला वाटलं की सहा वर्षात पहिल्यांदा कुणीतरी गाडी बघतंय.

पहिलं त्यांनी हवा बघितली. मागच्या चाकात वीस. चेनकव्हरवरचं स्टिकर पुसून दाखवलं, एकट्याला २८ अन् मागं माणूस असेल तर ४१. आता मी दोन कॅन घेऊन वीसवर चालवत होतो म्हणजे शॉकअपच्या आधी टायरच मऊ होता. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

मग डबल स्टँडवर गाडी घेतली, मागचं चाक लटकतं ठेवलं अन् चाकाच्या एक्सलपासून सीटच्या खालच्या पट्टीपर्यंत टेप लावला. ४९ सेंटीमीटर. मग गाडी खाली घेऊन मला बसायला लावलं, एकानं पुढून धरली, ४६.५. मग भरलेले कॅन अडकवून, ४१.५. त्यांचं म्हणणं असं की एकट्या माणसानं बसल्यावर मागचा शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या, म्हणजे तो पार दबला तर जेवढा दबंल त्याच्या, पाव ते एक तृतीयांश एवढा बसायलाच पाहिजे, बसला नाही तर खड्ड्यात चाक खाली जाणारच नाही, उडी मारेल. माझ्या गाडीची चाल साधारण आठ सेंटीमीटर, त्यात मी बसल्यावर अडीच गेले, म्हणजे एकदम ठीक. पण कॅन घेऊन साडेसात गेले, मागं अर्धा सेंटीमीटर उरला, मग स्पीडब्रेकरवर आपटंल नाहीतर काय करंल? तर स्प्रिंग मऊ नव्हतीच साहेब. तिच्यावर टाकलेलं वजन जास्त होतं, अन् ज्या रिंगीनं ते थोडंफार सांभाळायचं ती रिंग कुणी फिरवलीच नव्हती.

ही रिंग म्हणजे स्प्रिंगच्या बुडाला असते, जिन्यासारखी खाच-खाच असलेली, माझ्या गाडीला पाच खाचा. रिंग फिरवली की स्प्रिंगचं बूड वर सरकतं अन् स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते. माझी एका बाजूला पहिल्या खाचेवर, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या. म्हणजे नवी घेतल्यापासून अशीच असणार, सगळ्या सर्व्हिसिंग झाल्या, प्रत्येक वेळी बिलावर काय काय लिहिलेलं, अन् दोन्ही बाजू सारख्या आहेत का एवढं पण कुणी बघितलं नाही. चिखलानं अन् गंजानं इतकी धरलेली की डिझेल टाकून रात्रभर ठेवायला लागली.

अन् ती फिरवायचा पाना? मिस्त्री म्हणले तुमच्या टूलकिटच्या पिशवीत असंल बघा, विळ्यासारखा वाकडा, टोकाला आकडा. होता की! सहा वर्षं मी त्यानं कॅनची झाकणं उचकटत होतो. मला वाटायचं हे कंपनीनं कशाला दिलंय काय माहीत, पण झाकणाला बरं आहे.

दोन्ही बाजू चौथ्या खाचेवर आणल्या. परत कॅन अडकवून मोजलं तर ४३, म्हणजे दीड सेंटीमीटर उचलली. आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण चांगले चांगले मिस्त्री इथं चुकतात, रिंग फिरवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. बाजेची दावण ओढली की बाज वर येते, पण सुतळी काही जाड होत नाही, तसंच. जेवढं वजन टाकाल तेवढीच ती दबणार, फक्त सुरुवात वरून होणार. स्प्रिंग खरंच कडक पाहिजे असेल तर तार जाड लागते, अन् तिथं थोड्या फरकानं लई होतं, ७ मिलीमीटरच्या जागी साडेसातची तार घेतली अन् बाकी सगळं तेच ठेवलं तरी स्प्रिंग जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं जास्त कडक होते. म्हणून बाजारातली कुठली पण जाड स्प्रिंग आणून बसवायची नसते, मग रिकाम्या गाडीवर कंबरडं मोडतं.

बसणं अन् आपटणं कमी झालं, पण डोलणं राहिलं. मिस्त्रींनी सीट खाली दाबून एकदम सोडली. चांगला शॉकअप असेल तर गाडी वर येते अन् गुमान थांबते. माझी वर-खाली-वर-खाली. शॉकअपच्या आत तेल असतं, बारीक भोकातून ते इकडचं तिकडं जायला वेळ लागतो म्हणून स्प्रिंग उड्या मारत नाही. पाणी उतरलेला हापसा कसा हलका हलका खालीवर होतो, हिसका मारला तरी हाताला काहीच लागत नाही, तसं तेल गेलेल्या शॉकअपचं होतं. डाव्या बाजूच्या रॉडवर बोट फिरवलं तर तेलकट काळा चिकटा. आतलं तेल अडवून धरणारं सील गेलेलं. याला मात्र रिंग नाही, रबर नाही, काही नाही. तिथं बदलायचाच अन् बदलायचे तर दोन्ही, एक नवा एक जुना केला की गाडी एका अंगानं ओढते. जोडी अडीच हजाराच्या आत आली. म्हणजे वर्कशॉपचा पोरगा जे म्हणला होता तेच शेवटी करावं लागलं म्हणा, पण त्यानं नुसते बदलून पहिल्या खाचेवर ठेवून दिले असते तर नवे शॉकअप पण त्याच दिवशी आपटले असते. माझं भांडण बदला म्हणण्याशी नाही, न बघता म्हणण्याशी आहे.

एक सांगतो, हा शॉकअप घरी उघडायच्या फंदात पडू नका. स्प्रिंग दाबलेली असते. ओळखीच्या एकानं नट सोडला अन् वरची टोपी पत्र्याला भोक पाडून बाहेर गेली, कपाळावर बसली नाही एवढंच. रिंग फिरवणं वेगळं, ते घरी होतं, फक्त गाडी डबल स्टँडवर पाहिजे, पाना नीट खाचेत बसवायचा, निसटला तर बोटं सायलेन्सरवर सोलून निघतात (माझी निघाली). मागून उचलल्यावर हेडलाईट अन् चेनचा ढिलेपणा पण परत बघून घ्यायचा, गाडी किती बसते त्यावर चेन कमीजास्त ताणली जाते. आता समोरचे डिपर मारत नाहीत.

वजनाचं माझं माप पण सांगून टाकतो, लपवून काय करायचं. एक लिटर दूध म्हणजे एक किलोला थोडं जास्तच भरतं, तर ८० लिटरचे ८२ किलो, कॅनचं लोखंड वेगळं, अन् मी ६८. पुस्तिकेत माणसासकट १३० किलो लिहिलंय. मी रोज दीडशेच्या वर नेत होतो. युरियाची गोणी ४५ किलोची झाली तेव्हा कमी झाली म्हणून आपण कंपनीला नावं ठेवली, पण दोन गोण्या अन् वर लेकरू घेऊन येणारे बघा बाजारच्या दिवशी. मी आता २० चे दोन कॅन घेऊन दोन खेपा करतो. ४० चे कॅन अर्धे भरून बघितले होते पण अर्ध्या कॅनमधलं दूध हिंदकळून वर लोणी येतं, भट्टीवाला कटकट करतो. पेट्रोल जास्त जातं दोन खेपांना, ते खरंय. रिंग आता तिसऱ्या खाचेवर असते.

रस्त्याचं पण बोलतो, नाहीतर म्हणाल रस्तेवाल्यांना सोडून दिलं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा रस्ता लाटालाटाचा होणारच हे इंजिनियरला पण माहिती असतं, पाया तसा करायचा असतो. अन् स्पीडब्रेकर, इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच अन् वरून गोल सांगितलाय, २५ च्या स्पीडनं पार होणारा. आमच्या रस्त्यावरचे हातभर रुंद अन् गुडघ्याला लागतील असे, कुणी घातले ते पण माहीत नाही, बहुतेक ज्याच्या दारात आहेत त्यानंच. त्याच्यावर एक फोटो छापा की.

अन् एक मागणी. तुमच्या शेतीच्या पानावर मोटार, ठिबक, ट्रॅक्टर सगळ्याच्या देखभालीचं येतं, तिथं महिन्यातून एकदा दुचाकीचं पण येऊ द्या, कारण इकडं शेतीचं निम्मं सामान दुचाकीवरच चालतं. पहिल्यांदा या रिंगीचाच फोटो टाका, पान्यासकट. मी गावात दहा-बारा जणांना दाखवली, एकाला माहिती होती, अन् तो मिलिटरीतून रिटायर झालेला.

तो पाना आता मी सीटखाली चिंधीत गुंडाळून ठेवलाय. कॅनची झाकणं मंडळीच्या उलथन्यानं उघडतो, त्यावरून घरात वेगळं चालूच आहे.

आपला नेहमीचा वाचक,
एक दूधवाला, ता. भूम, जि. धाराशिव