साक्षीची भाषा

धंतोली, नागपूर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

माझी साखर आटोक्यात आहे; गुडघ्यांविषयी नवीन सांगण्यासारखे काही नाही. पत्राचे कारण वेगळे आहे. १९७१ च्या पूर्व बंगालमधील नरसंहारावर दिवाळी अंकासाठी लिहिलेला लेख संपादकांनी परत पाठवला. मुलचेऱ्याकडच्या निर्वासितांच्या वस्तीतले बंगाली गुरुजी तुला आठवत असतील. खुलना जिल्ह्यात मागे राहिलेल्या त्यांच्या आत्याचे कुटुंब २० मे रोजी चुकनगरला, सीमेकडे निघालेल्या ज्या गर्दीवर पाकिस्तानी सैन्याने गोळ्या झाडल्या तिच्यात होते, ही हकीकत मी त्यांच्याच शब्दांत दिली होती. तिच्यासमोर लाल शाईचा शेरा आहे : ‘इंग्रजी आधार द्यावा.’

तू हसशील, कारण इंग्रजीत नोंद झाल्याशिवाय जग कत्तलीची दखल घेत नाही, हे मॉरिस कॉलेजपासूनचे तुझेच पालुपद आहे. तुझा हुकमाचा एक्का म्हणजे मास्करेन्हस. बेळगावात जन्मलेल्या आणि कराचीत पत्रकारिता करणाऱ्या या माणसाने कुटुंबाला देशाबाहेर काढून लंडनच्या १३ जूनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये सारे उघड केले, त्याचे मोल मी कधीच नाकारले नाही. पण तो लेख पुन्हा वाच. आरंभी चोवीस वर्षांचा अब्दुल बारी सैनिकांच्या गराड्यात थरथरत उभा आहे. पुढे बोलतात ते बहुतेक लष्करी अधिकारी, कारण वार्ताहराला लष्करानेच दौऱ्यावर नेले होते. त्यामुळे मारणाऱ्यांचे म्हणणे सविस्तर इंग्रजीत आले, आणि चुकनगरच्या माणसांनी बंगालीत सांगितलेले आमच्या संपादकांना अजून ऐकीव वाटते.

शिवाय ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी मार्चअखेरीसच या कत्तलीविषयी आपल्या सरकारला अस्सल इंग्रजीत तार केली होती. निक्सन सरकारने त्यांनाच तिथून हलवले. (भाऊसाहेब म्हणाले असते, व्याकरण चुकले असेल.)

मुलचेरा आपल्या विदर्भातच आहे, तरी मराठी वाचकाला ती माणसे लंडनचा वळसा घालून भेटतात. माझ्या कपाटातही या विषयावरचे एकूण एक पुस्तक इंग्रजी आहे, आणि निक्सन-किसिंजर काय बोलले ते मला गुरुजींच्या आत्याच्या नावापेक्षा आधी ठाऊक होते.

निरूच्या बढतीचे कळले, अभिनंदन सांग. घराच्या दाव्याचे काय झाले?

गुरुजींकडे आतेभावाची बंगाली पत्रे आहेत. कोलकात्यात नोकरी करताना तू रसगुल्ले मागण्यापुरतेच बंगाली शिकला नसशील, तर पुढच्या महिन्यात ये. पत्रे तू वाच, मी मराठीत उतरवतो, आणि संपादकांना तोच आधार पाठवू.

तुझा,
सुधाकर