अपडेट आलं, पण ब्राउझर बंद केला का?

संपादक महोदय,

ब्राउझरमध्ये सुरक्षेची मोठी त्रुटी सापडली की वर्तमानपत्रात बातमी येते. मथळा ‘कोट्यवधी वापरकर्ते धोक्यात’ आणि खाली चौकटीत ठरलेला सल्ला: अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. मी चौदा वर्षं एका कार्यालयातल्या संगणकांची देखभाल करते. माझी तक्रार त्या चौकटीबद्दल आहे. ती ज्या त्रुटींच्या बातमीखाली छापली जाते, त्यांतल्या अनेक त्रुटींपासून तो सल्ला कुणाला वाचवू शकत नाही.

अशाच एका बातमीचं कात्रण घेऊन लेखा विभागातल्या आमच्या ज्येष्ठ सहकारी माझ्याकडे आल्या. ‘‘अगं, मी कधीच भलतंसलतं उघडत नाही. मला काही भीती नाही ना?’’ त्यांच्या टेबलाशी जाऊन पाहिलं, तर क्रोमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात अपडेटची लाल खूण. ही खूण आधी हिरवी असते, चारेक दिवसांनी नारिंगी होते आणि लाल दिसली म्हणजे दुरुस्ती येऊन किमान आठवडा उलटलेला असतो. टॅब इतके उघडे होते की त्यांची नावंही दिसत नव्हती. बाई रोज संध्याकाळी नुसता स्क्रीन बंद करून घरी जात. ब्राउझर कित्येक दिवसांत बंदच झाला नव्हता. ‘‘पण अपडेट आपोआप होतं ना?’’ त्यांनी विचारलं. उतरतं आपोआप. लागू होतं ते ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर. तोवर दुरुस्ती संगणकात येऊन पडलेली असते आणि काम मात्र जुन्याच, भोक पडलेल्या ब्राउझरवर चालू असतं. हे एवढं साधं वाक्य त्या कात्रणात कुठेही नव्हतं.

या त्रुटींमध्ये वारंवार दिसणारा एक प्रकार म्हणजे ‘टाइप कन्फ्युजन’, प्रकाराची गल्लत. बाईंना तो मी त्यांच्याच हिशेबाच्या वहीवरून सांगितला. संगणकाच्या मेमरीत सगळे आकडेच असतात. एखादा आकडा रक्कम आहे की कपाटाचा क्रमांक, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, हे रकान्याच्या मथळ्यावरून ठरतं. ब्राउझरमधलं जावास्क्रिप्टचं इंजिन, म्हणजे वेबपानातला कोड चालवणारा भाग, वेग मिळावा म्हणून एक सवय लावून घेतं. एखाद्या रकान्यात सतत कपाटांचेच क्रमांक दिसले की दर वेळी मथळा वाचणं सोडून देतं. त्यात गैर काही नाही, आज वेबपानं इतकी चपळ चालतात ती यामुळेच. मात्र रकाना ज्या ज्या वाटेने बदलू शकतो, त्या सगळ्या वाटांवर इंजिनाचं लक्ष हवं. एखादी वाट नजरेतून सुटली की हल्लेखोर तिथूनच शिरतो. कपाटक्रमांकाच्या जागी स्वतःला हवा तो आकडा लिहून ठेवतो आणि इंजिन मुकाट्याने त्या क्रमांकाचं कपाट उघडून देतं. ऐकून बाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी काही चुकीचं करायचीही गरज नाही?’’ नाही. पान उघडलं की पुरे.

हे कल्पनेतलं नाही. जून 2019 मध्ये फायरफॉक्समध्ये सापडलेली त्रुटी यादीतला शेवटचा घटक काढून घेण्याच्या अगदी साध्या क्रियेत होती. ती वापरून कॉइनबेस या कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला. क्रोमच्या व्ही8 या जावास्क्रिप्ट इंजिनात 2024 च्या मे महिन्यात दोनदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा याच प्रकारची त्रुटी दुरुस्त करावी लागली. तिन्ही वेळा हल्लेखोरांना ती आधीच माहीत होती. मे महिन्यातल्या पहिल्या त्रुटीसाठी रणगाड्यांच्या एका खेळाची वेबसाइट सजवली होती. कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती उघडकीस आणली. खेळ डाउनलोड करायचीही गरज नव्हती, वेबसाइटवर नुसतं जाणं पुरेसं होतं. एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांच्यातही व्ही8 च आहे, त्यामुळे ‘मी क्रोम वापरत नाही’ म्हणून सुटका नाही. पानातला कोड सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, कोंडलेला असतो आणि त्यातून बाहेर पडायला हल्लेखोराला सहसा दुसरी त्रुटी लागते, हेही सांगायला हवं. तरी पहिलं दार याच गल्लतीने उघडतं.

ई-मेलचं तर बातम्यांत नावही नसतं. थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर फायरफॉक्सच्याच पायावर उभं आहे, त्यामुळे 2019 मधली ती दुरुस्ती त्यालाही घ्यावी लागली. मेल वाचताना त्यात स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टसारखा कोड, बंद असतात, म्हणून नुसत्या मेलमधून अशा त्रुटीचा फायदा घेणं सहसा जमत नाही. त्याच महिन्यात थोडं आधी मात्र थंडरबर्डच्या कॅलेंडरच्या भागात चार त्रुटी सापडल्या होत्या आणि त्यांतली एक प्रकाराच्या गल्लतीचीच होती. विशिष्ट तऱ्हेने रचलेला मेल आला की सॉफ्टवेअर कोसळायचं. बैठकीची निमंत्रणं आपण दिवसभर मेलमधून घेत असतो. त्यांतल्या तारखा आणि वेळा वाचणारा कोडही असा चुकू शकतो, हे किती जणांना ठाऊक आहे? आयफोनवर तर ब्राउझरच्या इंजिनाची दुरुस्ती फोनच्या प्रणालीसोबत येते. जानेवारी 2024 मधली अशीच एक दुरुस्ती आयओएस 17.3 सोबत आली. ॲप स्टोअरमधून ॲप ताजं करून ती मिळाली नसती.

सावध राहायला सांगण्याला माझा विरोध नाही, फसव्या मेलसाठी तो सल्ला योग्यच आहे. पण प्रत्येक त्रुटीखाली तोच छापला की वाचकाचा समज होतो, जो फसला त्याने नक्की काहीतरी मूर्खपणा केला असणार. कार्यालयात मी हे फार जवळून पाहिलं आहे. संगणक बिघडला की माणसं आधी घाबरून म्हणतात, ‘‘मी काही केलं नाही हो.’’ आणि मग या भीतीपोटी घडलेलं सांगतच नाहीत. दुरुस्ती करणाऱ्याला त्या सांगण्याचीच सगळ्यात जास्त गरज असते.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या बातमीत दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आली तो क्रमांक छापा. त्रुटीचा वापर हल्ल्यांसाठी सुरू झाला आहे का, तेही सांगा. कंपन्या आपल्या सूचनेत तसं लिहितात. आणि ठळक अक्षरांत छापा, की ब्राउझर आणि मेलचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूतून मदत आणि मग ‘गूगल क्रोमविषयी’ उघडलं की आवृत्ती दिसते आणि पुन्हा सुरू करायचं बटणही तिथेच असतं. टॅब जातील म्हणून लोक ते टाळतात. तिथून सुरू केल्यावर टॅब परत येतात, फक्त इन्कॉग्निटो खिडक्या येत नाहीत. बाईंना हे कळल्यावर त्यांनी माझ्यासमोरच बटण दाबलं. सगळे टॅब परत आले आणि कोपऱ्यातली लाल खूण गेली.

आपली,
संगणक देखभाल करणारी एक वाचक