थकवा दहापैकी किती?

महोदय,

मला पॉलिसायथेमिया व्हेरा आहे. रक्ताचा हा कर्करोग संथ. सहा वर्षे माझ्यासोबत नांदतो आहे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, ४५ टक्क्यांच्या खाली राहावे म्हणून अधूनमधून रक्त काढून टाकतात. त्याने गुठळ्यांचा धोका कमी होतो, पण माझा थकवा आणि आंघोळीनंतरची खाज काही गेली नाही. अंगावर पुरळ नाही, लाली नाही. बघणाऱ्याला वाटते, बाई उगाच कांगावा करते.

मुलीने मोबाइलवर ध्यानाचे अ‍ॅप टाकून दिले. रात्री दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यायचे. खाज थांबली नाही, हे आधीच सांगते. काळजीने जागणे मात्र कमी झाले. त्याहून कामाचे ठरले साधे नोंदींचे अ‍ॅप. थकवा, खाज, रात्रीचा घाम, चार घासांतच पोट भरणे अशा दहा लक्षणांना दर आठवड्याला ० ते १० गुण. पूर्वी डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारले की मी "बरं आहे" म्हणून मोकळी व्हायचे. या वेळी घामाचे गुण २ वरून ७ वर गेलेले त्यांनी पाहिले आणि लगेच प्लीहा (या आजारात सुजू शकणारी पोटातली पानथरी) तपासली.

राग एकाच गोष्टीचा. तापात दोन दिवस ध्यान चुकले, तर अ‍ॅप म्हणते, "तुमची साखळी तुटली!" अहो, आजारी आहे म्हणूनच तर तुम्हाला घेतले! आणि माझी माहिती पुढे कोणाकडे जाते, हे चार सोप्या ओळींत लिहायला काय हरकत आहे?

– एक वाचक