चेंबूरच्या वायरमन दादांचे जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ताई" म्हणता आणि पुढच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

गाडीत जुना आयपॉड वाजवायचा, एवढंच काम होतं. "फोनवर लाव की" हे सगळ्यांचं सुचवून झालं होतं. पण आईच्या भजनी मंडळाच्या कॅसेट उतरवून घेतल्यात त्या या क्लासिकमध्ये, आणि ते मॉडेल ॲपलनं 2014 मध्येच बंद केलं. शिवाय अभंग रंगात आला की नेमका "मॅडम, लोन हवंय का" असा फोन येतो. आयपॉडवर ती भानगड नाही.

आधी लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर घेतला होता, आयपॉडचं गाणं एखाद्या रिकाम्या एफएम स्टेशनच्या जागी गाडीच्या रेडिओवर पोचवणारा. गावाच्या रस्त्याला तो बरा चालतो. मुंबईत मात्र 91.1, 92.7, 93.5, 94.3, 98.3... जिथे जावं तिथे कुणीतरी आधीच ऐसपैस बसलेलं. आमच्या ट्रान्समीटरच्या वाट्याला लोकलमधली चौथी सीट. घरून निघताना रिकामी जागा शोधून ठेवावी, तर पी. डिमेलो रोड येईपर्यंत तुकारामांच्या मध्ये दागिन्यांची जाहिरात घुसलेली. गंमत म्हणजे फ्रीवेच्या बोगद्यात शिरलं की सगळी स्टेशनं गप्प आणि आईच्या मंडळाचे टाळ एकदम खणखणीत! बाहेरच्या लहरी आत पोचत नाहीत, ट्रान्समीटर तर गाडीतच असतो. जेमतेम अर्ध्या किलोमीटरचं सुख.

एका मोठ्या दुकानात "टेपच बदला, टचस्क्रीन टाका" एवढंच ऐकायला मिळालं. तुम्ही दोन्ही बाजूंनी पट्ट्या सरकवून टेप बाहेर ओढलात, मागे टॉर्च मारलीत आणि बाहेरचं गाणं टेपमध्ये घ्यायची लाल-पांढरी भोकं दाखवलीत. "ऑक्स आहे की. पुढे काढून दिलेलं नाही, इतकंच." तिथून वायर डॅशबोर्डच्या आतून ग्लोव्ह बॉक्समध्ये आणलीत, गिअरजवळ लोंबकळत ठेवली नाहीत. ही नजर पैसे देऊन मिळत नाही.

पण मला खरं लिहायचंय ते शिट्टीबद्दल. आयपॉड चार्जिंगला लावला की गाण्यामागे बारीक "कुंईऽऽ" यायचं, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तेही वर चढायचं. तुम्ही काही न बोलता चार्जर उपसलात. शिट्टी बंद. परत लावलात. सुरू. मग सांगितलंत, की चार्जर आणि टेप दोघंही एकाच बॅटरीवर, पण दोघांच्या अर्थिंगच्या वाटा निराळ्या. ऑक्सच्या वायरनं त्या एकमेकींना जोडल्या की इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज त्या फेऱ्यातून गाण्यात उतरतो. टेपची अर्थिंगची वायर रंगावरच आवळलेली होती, ती सोडवून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासलात. शिट्टी कमी झाली, गेली नाही. तेव्हा कुठे लॅमिंग्टन रोडवरून आयसोलेटर आणायला सांगितलंत. इवलीशी डबी, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. गाणं पलीकडे जातं, पण दोन्हीकडचं अर्थिंग तारेनं जोडलेलं राहत नाही. "स्वस्तातली घेतली तर खर्ज जरा पातळ होईल, ताई," हेही आधीच सांगितलंत. माल खपवणारा माणूस असं बोलत नाही. आणि खरंच, मृदंगाची डाव्या बाजूची थाप किंचित हलकी वाटते. शिट्टीपेक्षा ते केव्हाही परवडलं.

आवाजाचं तुमचं गणितही पाळतेय. आयपॉड पाऊणपर्यंत, बाकीचं टेपवर. आयपॉड पूर्ण चढवला की झांजा फाटतात, आणि अगदी खाली ठेवला तर टेप चढवावा लागतो आणि मागची खरखरही चढते.

पैसे सांगताना तुम्ही जो आकडा सांगितलात, त्यावर मी वाद घातला, तुम्ही ऐकलं नाहीत. त्याचा राग अजून आहे.

आता एक काम. आमच्या मजल्यावरचे काका येत्या रविवारी गाडी घेऊन येतील. त्यांच्याकडे अजून कॅसेटचा डेक आहे, आणि त्यांना कॅसेटच्या आकाराचा, वायर असलेला अडॅप्टर हवाय. त्यांचा डेक ऑटो रिव्हर्सवाला आहे, अडॅप्टर घातला की सारखी बाजू बदलतो म्हणतात. तेवढं बघाल. आणि पैसे नीट घ्या त्यांच्याकडून.

आपली,
निळ्या गाडीवाली ताई